तिसऱ्या पानाची तारीख

वाल्मिकभाऊंवर माझा संशय होता, हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर मी पहिल्यापासून मोठी समजूतदार होते असं वाटेल, आणि ते खरं नाही.

सुप्याला आमच्या घरामागेच मार्तंड स्पोर्टिंगचं मैदान आहे. मैदानाच्या कडेला टेकाडावर खंडोबाचं लहानसं देऊळ, म्हणून क्लबचं नाव मार्तंड. एमआयडीसीतल्या चार-पाच शेडवाल्यांनी मिळून चालवलेला फुटबॉलचा क्लब. पोरं सकाळी खेळतात आणि दुपारच्या पाळीला मशीनवर उभी राहतात. खेळण्याचं थोडं मानधन मिळतं, कामाचा पगार वेगळा. पुरती खेळाडूही नाहीत, पुरती कामगारही नाहीत. आमचे हे क्लबचे सचिव. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि अध्यक्ष कल्याणशेठ स्वतः पेढे घेऊन घरी आले, की कागद सांभाळायला आम्हाला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे. तेव्हापासून सगळ्या खेळाडूंचे करार आमच्या आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात.

करार सोडून क्लबचं बाकी जे काही, ते सगळं वाल्मिकभाऊ.

वय पंचावन्नच्या आसपास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी शिरूरला दिलेली. गोलपोस्टाच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, तीत चेंडू, जाळ्या, जर्सीची ट्रंक आणि एका कोपऱ्यात वाल्मिकभाऊ. सकाळी मी तुळशीला पाणी घालायला मागच्या दारी आले की ते फक्कीचा डबा घेऊन मैदानावर रेघा मारत असायचे. उजवा पाय जरा ओढत चालायचे, पण रेघ मात्र अशी सरळ की रांगोळी काढणाऱ्या बाईनं मान खाली घालावी.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, दोरी लावून घेत जा की. एवढं वाकून बघायला नको."

"दोरी लावली तर लोकं म्हनतील, वाल्या म्हातारा झाला. मग दुसरा ठिवतील दोरीवाला."

असं बोलायचे. हसवायचे, पण स्वतःबद्दल फार सांगायचे नाहीत. सव्वीस वर्षं त्या खोलीत काढली माणसानं, आणि मला त्यांच्याबद्दल जे ठाऊक होतं ते एका दुपारचंच. आमच्या ओट्यावर बसून एका जर्सीचा उसवलेला आकडा शिवत होते. मी सहज विचारलं, तुम्ही स्वतः कधी खेळलात का हो? तेव्हा म्हणाले, नगरच्या एका क्लबकडून खेळत होते, डाव्या अंगाला. तेविसाव्या वर्षी पुण्याच्या एका कारखान्याच्या संघानं बोलावलं होतं. पक्की नोकरी, राहायला खोली.

"मग?"

"मग काय, नगरचा करार सुटंना. तिसऱ्या पानावर, खालनं चौथी वळ. त्यात लिवलं हुतं का मे म्हैना सरायच्या आत सोडतो म्हनून लेखी कळवलं तर बरं, न्हाईतर आपोआप एक वरीस वाढनार. मला इंग्रजी कुठलं येतंय! मला ती वळ वाचून दावली जुलैत. एका मास्तरांनी."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी गुडघा गेला." दात लावून दोरा तोडला आणि जर्सी झटकली. "वहिनी, हा नऊ नंबर झाला का बगा सरळ."

ही गोष्ट मी त्या दिवशी वहीत लिहिली. रोज संध्याकाळी दिवा लावला की दिवसभराचं चार ओळींत लिहायची माझी जुनी सवय आहे. कोण आलं, काय झालं, कोणता अध्याय वाचला. गोष्ट लिहिली, हळहळले, आणि विसरले.

आता कराराची आमच्याकडची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दसऱ्यानंतरच्या रविवारी नवे खेळाडू आंघोळ करून देवळात येतात. करार पायरीवर ठेवतात. पुजारी प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावतो, मग सही, मग येळकोट. कागदावर हळदीची बोटं उमटलेली असतात. खेळाडूला मिळते खोबऱ्याची वाटी आणि जर्सी. कागद सरळ आमच्या कपाटात. नक्कल कुणालाच मिळत नाही आणि आजवर कुणी मागितलीही नव्हती. देवासमोर सही केल्यावर वर कागद मागायचा म्हणजे खंडोबावरच भरवसा नाही असं दिसतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट दर वर्षी भंडाऱ्याचं ताट मीच भरून द्यायची.

करार तीन पानी आणि इंग्रजीत. क्लब काढला तेव्हा नगरहून एक नमुना आणला होता, तोच झेरॉक्स काढून चालवत आले आहेत.

तर गेल्या वर्षीपर्यंत मार्तंड सोडून कुणी गेलं नव्हतं. कल्याणशेठ भाषणात सांगायचे, आमच्याकडे आलेला खेळाडू घरचा होतो, तो जातच नाही. गेल्या वर्षी मेच्या शेवटी संगमनेरच्या हर्षलनं यांच्या हातात पत्र आणून दिलं आणि पुण्याच्या क्लबकडे गेला. शेठ म्हणाले, जाऊ द्या, एखादा निघतो असा. यंदा ओमनं पत्र दिलं. हा भंडारदऱ्याकडचा, मधल्या फळीत खेळणारा, बोलायला इतका लाजरा की पत्र देताना मानही वर केली नाही. तोही पुण्याला. आणि जूनच्या सुरुवातीला समजलं की गोलरक्षक अजिनाथही जायचं म्हणतो आहे.

अजिनाथ पाथर्डीचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हा लहानपणापासून त्यांच्याबरोबर फिरलेला. एकतीस वर्षांचा झाला. पुण्याच्या क्लबनं दोन वर्षांचं विचारलं होतं, पुन्हा कुणी विचारेल असं वय नव्हतं. पण हे घरी म्हणाले, "त्याचं पत्र दोन जूनला आलं. तारीख गेली. त्याला आता वर्षभर हलता येणार नाही."

मला कुठंतरी टोचलं. पण काय टोचलं ते मी शोधलं नाही. मनात आधीच एक माणूस बसलेला होता, सगळं त्याच्या नावावर टाकत गेले.

कारण वाल्मिकभाऊंच्या पायात नवे बूट आले होते. निळे, भारी कंपनीचे. सव्वीस वर्षांत ज्या माणसाला मी टायरच्या चपलांशिवाय पाहिलं नाही, त्याच्या पायात! मेमध्ये दोनदा ते आमच्याकडे आले, तेही हे घरी नसताना, आणि एकदा आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. म्हणाले, जर्सीचं जुनं कापड हाय का बगतो. कपाट त्याच खोलीत. खेळाडू जवळ असले की बोलता बोलता थांबायचे, माझ्याकडे बघायचे. असं सगळं मी वहीत टिपून ठेवत होते. देवाचं नाव वर लिहून खाली शेजाऱ्याचे बूट लिहायचे, असा प्रकार चालला होता.

आणि एक वाक्य. वीस मेला सकाळी नळावर हंडा भरताना मी ऐकलं. वाल्मिकभाऊ अजिनाथला सांगत होते, "जयंतीच्या आत दे. ध्यानात ठिव. जयंती झाली का गेलं वरीस."

मला वाटलं, वर्गणीचं काही असेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कल्याणशेठ आमच्या बैठकीत येऊन बसले. मांडीवर करार, नाकावर चष्मा.

"राधाकृष्णदादा, मला एक सांगा, ह्या पोरांना इंग्रजी येतं का?"

"छे हो. अजिनाथ मराठीत सही करतो तर जीभ बाहेर येते त्याची."

"मग ह्यांना तारीख शिकवली कुणी? हे बघा, तिसरं पान. एकतीस मे. तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तिसरा कोण?"

मी चहा घेऊन उभी होते. एकतीस मे. आमच्या जिल्ह्यात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही, तिकडे चौंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीला निम्मा जिल्हा लोटतो. नळावरचं वाक्य माझ्या डोक्यात झटकन जाऊन बसलं. चार पुरुषांत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं.

"वाल्मिकभाऊ," मी म्हटलं. आणि नळावरचं सगळं सांगितलं. बुटांचंही सांगितलं. नगरच्या क्लबनं त्यांचं वर्ष खाल्लं होतं, त्याचा राग ते आपल्या क्लबवर काढत असतील, असंही माझ्या पदरचं घालून सांगितलं.

शेठनी चष्मा काढला. "वहिनी, तुम्ही तर पोलिसात पाहिजे होता."

हेही हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेठना वाल्मिकभाऊंना तिथल्या तिथे काढता आलं असतं, पण पोरांचा त्यांच्यावर जीव. म्हणून ठरलं, रविवारी देवळात बेलभंडार उचलायला लावायचा. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन खंडोबासमोर बोलायचं. पोलिसासमोर बेधडक खोटं बोलणारा माणूससुद्धा आमच्याकडे बेलभंडार हातात घेऊन खोटं बोलत नाही. शेठ म्हणाले, पुण्याकडून पैसे घेतले नाहीत असं उचलून म्हणू दे. तो उचलणार नाही, आणि पोरं डोळ्यांनी बघतील. मग आपण काही बोलायलाच नको, खोली आपोआप मोकळी.

ताट मीच भरलं.

रविवारी आरती झाल्यावर सगळे पायरीशी थांबले. शेठ, हे, समितीतले तिघं-चौघं, आणि पंधराएक खेळाडू. अजिनाथ मागे भिंतीला टेकून. वाल्मिकभाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून आले आणि निळे बूट काढून पायरीखाली नीट जोडून ठेवले.

शेठनी तिथूनच सुरू केलं. "बूट कुठले रे?"

"हर्षलनं धाडले पुन्याहून."

"बघा!" शेठ सगळ्यांकडे वळले. "आणखी काय काय धाडलं पुण्यानं?"

"येवढंच. त्ये बी एक नंबर ल्हान हायेत. चावत्यात."

पोरांतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पोरांना तारीख तू सांगितली?"

"व्हय. मीच सांगितली." सहज म्हणाले. "त्याला भंडारा कशाला उचलाय पायजे? हर्षलला सांगितलं, वमला सांगितलं, अजिनाथला सांगितलं. पुढच्या वर्सी आनखी कुनाला सांगनार हुतो. ज्याला ऱ्हायाचं त्यो ऱ्हाईल, ज्याला जायाचं त्याला तारीख तर ठावी पायजे. मी कपाट उघडलं न्हाई का कागद पाह्यला न्हाई. नगरचाच नमुना हाय. तिसरं पान, खालनं चौथी वळ. मला बाकी इंग्रजी येत न्हाई, ती वळ येते."

मग माझ्या हातातल्या ताटातून बेलाचं पान घेतलं, त्यावर चिमूटभर भंडारा घेतला, देवाकडे तोंड केलं. "पुन्याचा एक रुपाया घेतला आसंल तर मल्हारी मला बघून घेईल."

भंडारा कपाळाला लावला. झालं. सगळं तेवढ्यातच आटोपलं, आणि शेठनी आठवडाभर जे रचलं होतं ते पायरीवर आडवं पडलं. मी खाली बघत होते. माझ्या पायाला जमीन गार लागत होती.

पण वाल्मिकभाऊ मागे सरले नाहीत.

"वहिनी, आता ताट दादांकडं न्या."

"कशाला?" शेठ म्हणाले.

"अजिनाथचा कागद दोन जूनला आला म्हनत्यात. राधाकृष्णदादांनी तेवढंच म्हनावं भंडारा घिऊन. जास्ती काय नगं. त्यांनी म्हटलं का मी आत्ता खोली सोडतो, अजिनाथ बी गुमान ऱ्हाईल."

"सचिवाला शपथ घालणारा तू कोण रे?"

"मी कोन न्हाई शेठ. द्येव हाय की समोर."

भिंतीपाशी अजिनाथ ताठ झाला होता. यांच्याकडे बघत राहिला.

मी ताट घेऊन यांच्यापुढे उभी राहिले. बत्तीस वर्षं संसार झाला. या माणसानं स्टोअरमधली एक खिळ्याची पुडी कधी घरी आणली नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. यांनी भंडाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात वर आला तो शर्टाच्या बटणापाशी थांबला. बटण लावलेलंच होतं, तरी ते चाचपत राहिले.

आणि तेव्हा मला ताक आठवलं. मंगळवार होता, ऊन मी म्हणत होतं, अजिनाथ दारात उभा, मी त्याला आत बोलावून ताक दिलं. त्याचा पेला रिकामा होईपर्यंत हे बाहेर आले, त्यानं खिशातून लिफाफा काढून यांच्या हातात दिला. जयंती त्याच आठवड्यातल्या रविवारी होती. हेच मला टोचत होतं, आणि हेच मी वाल्मिकभाऊंच्या बुटांखाली दडपून टाकलं होतं.

"सव्वीस तारखेला आला होता," मी म्हटलं. "ताक प्यायला आणि लिफाफा तुमच्या हातात दिला."



"लिफाफा आला होता," हे हळू म्हणाले. "मी... उघडला दोन तारखेला."

शेठ दुसरीकडे बघायला लागले, गोलपोस्टाकडे, जणू तिथे काही चाललंय. त्यांच्या त्या बघण्यावरून मला कळलं, लिफाफा उशिरा उघडायची अक्कल एकट्या आमच्या यांची नव्हती.

अजिनाथचं ना-हरकत पत्र त्याच दुपारी आमच्या बैठकीत झालं. यांनी सही केली, शिक्का मारला. अजिनाथ पत्र घेऊन निघाला तो बाहेर जाऊन परत आला आणि माझ्या पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडायचं तर त्यानं कुणाच्या पडायला हवं होतं!

कारण देवळातलं एवढ्यावर संपलं नव्हतं. पांगापांग व्हायच्या आत शेठ म्हणाले होते, "अजिनाथचं झालं ते झालं. पैसे घेतले नाहीस, मान्य. पण क्लबच्या आतलं बाहेर सांगणारा माणूस क्लबला नको. वाल्मिक, किल्ल्या."

पोरांमध्ये कुजबूज झाली. एक-दोघं पुढे आले. वाल्मिकभाऊंनी त्यांना हातानंच थांबवलं. "तुमचे करार दोन-दोन वर्सांचे हायेत रे. गप उभं ऱ्हावा." कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या ताटात ठेवला. भंडाऱ्यात. मग पायरीखालचे बूट हातात घेतले आणि अनवाणीच खोलीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी एक पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन एसटीनं गेले. नवीन माणूस आला आहे, तो दोरी लावून रेघा मारतो.

घरात आठ दिवस अबोला होता. नवव्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं देवळात?"

"बैठकीत तरी कुठं विचारलं होतं? तेव्हा तुम्ही हसला होता."

त्यावर त्यांनी ताटातली भाकरी मोडली. आता कपाटाचं दार वाजलं की माझे कान तिकडे जातात, आणि माझे कान गेले हे त्यांना कळतं.

श्रावणात एका सोमवारी महादेवाला जाऊन येताना मी वाडेगव्हाणला उतरले. वाल्मिकभाऊ तिथे एका पंक्चरच्या दुकानाच्या मागे खोली घेऊन राहतात असं कळलं होतं. पिशवीत भगरीचा डबा होता, आणि तोंडात काय बोलायचं ते सगळ्या वाटेत जुळवून ठेवलं होतं.

दारात खिळ्यांचे बूट वाळत होते, चिखल लागलेले. आत खाटेवर एक दाढीवाला तरणा पोरगा बसलेला, मांडीवर कागद पसरलेले. वाल्मिकभाऊ त्याच्या शेजारी वाकून, बोट शेवटच्या पानाच्या खालच्या अंगाला. मला पाहिलं आणि बोट उचललं. पोरानं कागद गोधडीखाली सारले.

"या वहिनी. ह्यो भाचा माझा."

"कुठल्या गावचा रे बाळा?"

"शिरूरचा," वाल्मिकभाऊ म्हणाले.

"राहुरीचा," तो म्हणाला. दोघं एकदमच.

मी म्हटलं, बरं.

चहा झाला. मी जे जुळवून आणलं होतं ते बोलले. "भाऊ, तुमचं नाव मीच घेतलं होतं शेठपुढं."

"ठावं हाय. नळावर तुमीच हुता." रागावले नाहीत. कप विसळून पालथा घातला. "दादांची तब्येत बरी हाय नव्हं? पावसाचं काय तिकडं?"

पावसाचं सांगितलं. तब्येतीचं सांगितलं. मैदानाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला तर 'हां' म्हणून दुसरीकडे वळवला. गोधडी जिथल्या तिथे राहिली. तो पोरगा हात मांडीवर ठेवून शाळेतल्यासारखा बसला होता. मी उठेपर्यंत ती चौथी ओळ थांबून होती, हे तिघांनाही कळत होतं. मग मी उठले. वाल्मिकभाऊ रस्त्यापर्यंत सोडायला आले, एसटीला हात केला, आणि मी चढल्यावर मागे न बघता भरभर आत गेले.

संध्याकाळी यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "वाडेगव्हाणला उतरली होतीस म्हणे. काय करतोय वाल्या?"

"पंक्चरच्या दुकानात बसतात."

"कोण येतं-जातं त्याच्याकडं? शेठ विचारत होते."

मी राजगिरा निवडत होते. खडा सापडला, तो बाजूला ठेवला.

"कुणी नाही," मी म्हटलं. "एकटेच असतात."

श्रावणी सोमवार होता, उपास सुटायचा होता. तरी म्हटलं.